पाणी, गाळ, माग आणि नाणं

पैठणहून गोदावरी ओलांडली की शेवगाव तालुक्यातलं मुंगी गाव लागतं. आपल्याकडे या दोन गावांची नावं जोडीनंच घेतात, मुंगी-पैठण. 1860 च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले ए. बी. विन या भागात फिरत होते. खडक आणि नदीचे जुने थर तपासणं हे त्यांचं काम. गोदावरीच्या या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरात नामशेष झालेल्या प्राण्यांची हाडं सापडत होती, आणि तिथंच त्यांना अकीकाचा एक छिलका मिळाला. सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी 1868 मध्ये त्यावर टिपण लिहिलं. प्रश्न मोठा होता. हा छिलका माणसानं काढला असेल, तर ते प्राणी हयात असताना गोदाकाठी माणूस वावरत होता.

छिलका माणसानं काढला की नदीच्या पुरात गोटे आपटून निघाला, हे ओळखायची एक रीत आहे. अकीकावर नेमक्या जागी जोरात ठोका दिला की त्या बिंदूखाली दगड किंचित फुगीर तुटतो आणि तिथून पुढे लाटांसारख्या वळ्या उमटतात. कडेला ठोका बसल्याची छोटी सपाट जागा राहते. एखादा छिलका असा अपघातानंही निघू शकतो. पण एकाच थरात असे अनेक मिळाले, त्यांवर एकाच दिशेनं पुन्हापुन्हा घेतलेले ठोके दिसले, तर अपघात हे उत्तर टिकत नाही.

आता हाच अकीक दुसऱ्या टोकानं पाहा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे सिलिका विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपलं आणि थरावर थर बसून अकीक तयार झाला. बेसॉल्ट झिजला तरी अकीक टिकला आणि नदीच्या गोट्यांत येऊन पडला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याची नोंद आहे, आणि तिथून याच जातीचे दगड मोठ्या प्रमाणात बंदराकडे जात असल्याचीही. भूविज्ञान, मानवाचा आदिकाळ आणि व्यापाराचा इतिहास या तिन्ही खात्यांत एकाच दगडाची नोंद सापडते.

विज्ञानाचा विद्यार्थी पदवीच्या काळात दोन-तीन वेगळ्या क्षेत्रांत संशोधन करतो तेव्हा नेमकं काय घडतं, ते पैठणच्या आधारानं सांगायचं आहे. अनेक विषयांची तोंडओळख होते, हा फायदा लहान आहे. मोठा फायदा असा की क्षेत्र बदललं की पुरावा कशाला म्हणायचं हेही बदलतं, आणि ते बदलताना अनुभवल्याशिवाय आपल्या विषयातला पुरावा किती भक्कम आहे ते उमगत नाही. पैठण यासाठी सोयीचं आहे, कारण इथं पाच-सात किलोमीटरच्या आत धरण, पक्षी अभयारण्य, हातमाग आणि सातवाहनांची राजधानी आहे.

रसायनशास्त्रापासून सुरुवात करू, कारण बहुतेक विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दारानंच संशोधनात येतात. नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, हा प्रश्न घ्या. यासाठी विंकलर पद्धत वापरतात. 300 मिलि मापाची काचेची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला तर त्यातला ऑक्सिजन मोजला जातो आणि पाण्यातला मोजल्यासारखं वाटतं. तिथंच काठावर बाटलीत मँगनीज सल्फेटचं एक मिलि आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचं एक मिलि द्रावण सोडायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढरा राहतो. म्हणजे बाटली प्रयोगशाळेत पोचण्याआधीच डोळ्यांना अर्धं उत्तर मिळालेलं असतं. साका खाली बसला की सल्फ्युरिक आम्ल घालायचं. साका विरघळतो आणि पाण्यात जितका ऑक्सिजन होता त्या हिशेबानं आयोडीन मोकळं होतं.

आता टायट्रेशन. दोन मिलि द्रावणं घालताना तितकं पाणी बाहेर सांडलेलं असतं, म्हणून मूळचं 200 मिलि पाणी धरायला बाटलीतलं 201 मिलि घ्यावं लागतं. ब्युरेटमध्ये 0.025 नॉर्मल सोडियम थायोसल्फेट. रंग वाळल्या गवतासारख्या फिकट पिवळ्यावर आला की स्टार्चचे थेंब टाकायचे, फ्लास्क गडद निळा होतो, आणि पुढे एकेक थेंब सोडत राहायचं आणि निळा रंग गेला की थांबायचं. या मापात वापरलेलं प्रत्येक मिलि म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. 7.4 मिलि लागलं तर उत्तर 7.4. आकडेमोड शिल्लकच राहत नाही, इतकी ही मांडणी सुबक आहे. तीन वाचनं 0.1 मिलिच्या आत जुळली की विद्यार्थ्याला भरवसा वाटतो, आणि तो वाजवीही असतो.

पण हा भरवसा बाटलीपुरता आहे, जलाशयाला तो लागू नाही. समुद्रसपाटीला 25 अंश तापमानाचं पाणी लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं. पैठण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून इथं ही मर्यादा 7.8 च्या घरात येते. तरीही भर दुपारी शेवाळानं हिरव्या झालेल्या पाण्यात मर्यादेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळू शकतो, कारण शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं. पहाटे त्याच जागी तो बराच खाली गेलेला असतो, रात्रभर सगळ्यांनी श्वास घेतलेला असतो. म्हणजे दुपारी दोनला नमुना घेऊन ‘पाणी उत्तम’ असा निष्कर्ष काढणारा अहवाल आणि पहाटे पाचला नमुना घेऊन ‘पाणी धोक्यात’ म्हणणारा अहवाल, दोन्ही टायट्रेशनच्या दृष्टीनं अचूक असू शकतात. नमुन्याची वेळ, खोली आणि जागा वहीत नसेल तर 7.4 या आकड्याला काहीच किंमत नाही. रसायनशास्त्रात चूक हाताची असते, जलाशयाच्या अभ्यासात ती नमुना निवडण्यात असते. विद्यार्थ्याला हा फरक कळतो तो एका विषयातून दुसऱ्या विषयात पाऊल टाकताना.

नाथसागराचा अभ्यास म्हटला की पाण्याचा हिशेब येतोच. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 1965 मध्ये पायाभरणी झालेलं आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलेलं हे मातीचं धरण सुमारे दहा किलोमीटर लांब आहे, त्याला 27 दरवाजे आहेत. एकूण साठा 2909 दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त 2171. पूर्ण भरल्यावर पातळी 1522 फूट. पावसाळ्यात मराठवाड्यात ‘जायकवाडी किती टक्के?’ हा प्रश्न तब्येतीच्या चौकशीसारखा विचारला जातो. जलाशय पसरट आणि उथळ आहे, त्यामुळे उन्हाळ्यात वाफ होऊन बरंच पाणी जातं. ते मोजायला 122 सेंटिमीटर व्यासाचं आणि 25 सेंटिमीटर खोलीचं एक पसरट पात्र उघड्यावर ठेवतात आणि रोज पाणी किती मिलिमीटर उतरलं ते पाहतात. पात्राचा पत्रा तापतो, त्यामुळे पात्रातलं पाणी जलाशयापेक्षा लवकर उडतं. म्हणून वाचनाला साधारण 0.7 नं गुणतात. समजा मे महिन्यात पात्र दिवसाला 12 मिलिमीटर दाखवतंय, तर जलाशयासाठी 8.4 धरायचे. त्या वेळी पाण्याचा पसारा 200 चौरस किलोमीटर असेल, तर एका दिवसात 16.8 लाख घनमीटर, म्हणजे 168 कोटी लिटर पाणी हवेत गेलं. यातला सगळ्यात कच्चा दुवा तो 0.7. तो जागेनुसार आणि ऋतूनुसार हलतो, आणि तो अर्धा शतांश हलला की उत्तर कोटी लिटरनं हलतं. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यानं इथं शिकायचं ते हे की आकडे गुणले जात असताना सगळ्यात अनिश्चित आकडाच शेवटच्या उत्तराची विश्वासार्हता ठरवतो.

पाणी उतरलं की गाळ उघडा पडतो आणि शेतकरी त्यावर गाळपेर करतात. त्याच ओल्या गाळावर चिखल्यांसारखे चिखलात चरणारे पक्षी उतरतात. 1986 मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्य घोषित झालं, त्याचं क्षेत्र सुमारे 341 चौरस किलोमीटर. हिवाळ्यात चक्रवाक, पट्टकादंब, तलवार बदक येतात, रोहित पक्षीही दिसतात. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी मोजणीला जातो तेव्हा पहिल्याच सकाळी त्याची प्रयोगशाळेची सवय मोडते. इथं तीन वाचनं जुळवता येत नाहीत. थवा उडाला की ती मोजणी संपली. शेकडो चांदव्यांचा थवा एकेक करून मोजता येत नाही, म्हणून दहाचा किंवा पन्नासाचा गट डोळ्यांत बसवायचा आणि असे किती गट बसतात ते अंदाजायचं. दोन निरीक्षकांचे आकडे वेगळे येतात. त्यात कुणाचं चुकलं हे शोधण्यापेक्षा दोघांतली तफावत नेहमी किती असते ते आधी मोजून ठेवणं, हे इथलं शास्त्र आहे. मग दरवर्षी त्याच जागांवरून, त्याच महिन्यात, त्याच वेळेला तितकाच वेळ मोजायचं.

आणि एवढं करूनही फसगत होऊ शकते. एका वर्षी धरण तुडुंब, दुसऱ्या वर्षी निम्मं. निम्म्या धरणाच्या वर्षी उघडा गाळ जास्त, म्हणून चिखलात चरणारे पक्षी जास्त दिसले. पक्षी वाढले असा निष्कर्ष काढण्याआधी त्या दिवसाची पातळी फुटांत वहीत हवी. ती जलसंपदा विभाग रोज नोंदवतो. पक्ष्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पाटबंधाऱ्याच्या नोंदवहीत असतं, हे मला या सगळ्यात फार महत्त्वाचं वाटतं. एक सूचना इथंच करतो. अभयारण्यात संशोधन करायचं तर वन विभागाची लेखी परवानगी लागते आणि धरणाच्या परिसरात जलसंपदा विभागाची. अर्ज प्राचार्यांच्या सहीनं, कामाच्या बऱ्याच आधी करावा. परवानगीची वाट पाहणं हाही संशोधनातलाच वेळ आहे.

मागाकडे वळू. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी तिच्यात सोपा आणि खरा प्रश्न दडलेला आहे. कच्च्या रेशमाच्या धाग्यात आत फायब्रॉइन आणि बाहेर सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर असतो. साबणाच्या अल्कलीयुक्त पाण्यात उकळून हा थर काढला की धागा मऊ आणि चमकदार होतो, पण वजन साधारण पाव हिश्शानं घटतं. रेशीम हे प्रथिन आहे. आम्लयुक्त पाण्यात त्याच्या अमिनो गटांवर धन प्रभार येतो आणि ऋण प्रभाराचे रंग त्यांना धरतात. कापसाचा धागा याच रंगाला तसा दाद देत नाही. किती तापमानाला, किती आम्लात धागा सर्वात जास्त रंग घेतो, हे कॉलेजच्या कलरीमीटरवर मोजता येतं. रंगवण्याआधीच्या आणि नंतरच्या पाण्यातला रंग मोजायचा, जो कमी झाला तो धाग्यानं घेतला.

मागावरचा पुरावा मात्र बराचसा माणसाच्या बोलण्यातून आणि हातातून मिळतो. पदरावरच्या मोरात प्रत्येक रंगाच्या तुकड्याला वेगळी कांडी असते. बाणा पूर्ण पन्ह्यातून जात नाही, आपल्या तुकड्यापुरता फिरतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून परत येतो, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. हे पुस्तकात वाचता येतं. पण कुठला धागा आज ओढला तर तुटेल हे विणणाऱ्या मावशींना बोटांनी कळतं. त्यांना ‘रंग पक्का आहे का?’ विचारलं तर ‘हो’ एवढंच उत्तर येतं. ‘मावशी, पक्का आहे हे तुम्ही कसं ओळखता?’ विचारलं की त्या करून दाखवतात, आणि त्या करून दाखवण्यातून प्रयोगाची कल्पना सुचते. त्यांचा वेळ हा त्यांच्या रोजीचा वेळ आहे. विचारून बसावं, लिहून घेतलेलं त्यांना वाचून दाखवावं, आणि अहवालात त्यांच्या ज्ञानाचा उल्लेख त्यांच्या संमतीनं करावा.

आता नाणं, आणि इथं थोडं थांबायला हवं. एका क्षेत्राची पद्धत दुसऱ्या क्षेत्रात कशी चालते, आणि कुठं चालत नाही, याचं मराठी मुलखातलं सर्वात स्वच्छ उदाहरण म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. 1907 मध्ये गोव्यात जन्म, 1929 मध्ये हार्वर्डची पदवी, मग बनारस, अलिगढ आणि पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्था. पेशानं गणिती. 1944 मध्ये त्यांनी गुणसूत्रांवरची जनुकांमधली अंतरं काढायचं एक सूत्र दिलं, ते आजही पिकांच्या जनुकशास्त्रात त्यांच्याच नावानं वापरतात. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी केली, दख्खनच्या वाटा तुडवत दगडी हत्यारं गोळा केली. आणि हजारो प्राचीन नाणी तराजूवर तोलली.

तोलण्यामागचा विचार असा. टांकसाळीतून निघालेल्या चांदीच्या नाण्यांची वजनं जवळपास सारखी असतात. नाणी हातोहाती फिरली की घासतात. म्हणून जितका काळ फिरली तितकं सरासरी वजन कमी. पण सगळी सारखी फिरत नाहीत. एखादं रोज हात बदलतं, एखादं वर्षानुवर्षं गाठीला बांधलेलं राहतं. म्हणून काळ जातो तसं सरासरी तर घटतेच, शिवाय वजनांचा पसारा वाढतो. सरासरी आणि पसारा दोन्ही एकाच दिशेनं बोलले तर एकाच ठेव्यातला कुठला गट जुना ते सांगता येतं. कोसंबींनी आहत, म्हणजे ठसे ठोकून खुणा उमटवलेल्या, नाण्यांच्या मागच्या बाजूच्या छोट्या खुणा मोजल्या तेव्हा खुणा जास्त तसं वजन कमी असं दिसलं. पद्धत खरी ठरते का हे पाहायला त्यांनी चलनातली त्या काळची नाणीही तोलली, कारण त्यांवर साल छापलेलं असतं.

हा प्रयोग आजही करता येतो. एकाच मालिकेतली, एकाच टांकसाळीची खूण असलेली रुपयाची नाणी किराणा दुकानातून बदलून घ्यायची, सालानुसार गट करायचे आणि मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर तोलायची. स्टीलची नाणी फार कमी झिजतात, त्यामुळे गट मोठे घ्यावे लागतात. किती मोठे, हे काढणं हाच संख्याशास्त्राचा धडा आहे.

मग पैठणचा विद्यार्थी साहजिकच म्हणेल, हीच पद्धत सातवाहनांच्या नाण्यांना लावू. इथं थांबायचं. सातवाहनांची पुष्कळ नाणी शिशाची आणि पोटीन या मिश्रधातूची आहेत. शिसं मातीत पडून राहिलं की त्यावर कार्बोनेटचा पांढरट थर चढतो. नाणं झिजून हलकं झालं आहे की गंजून जड, हे तराजू सांगू शकत नाही. म्हणजे पद्धतीच्या मुळाशी असलेलं गृहीत, वजन फक्त झिजेनं बदलतं हे गृहीत, इथं मोडतं. इथं दुसरा मार्ग हवा. क्ष-किरणांच्या साहाय्यानं नाण्याला धक्का न लावता त्यात तांबं, शिसं, कथील किती ते पाहणं हा एक. पद्धत उसनी घेताना तिची गृहीतं सोबत आली का, हे तपासायला शिकणं ही माझ्या मते अनेक क्षेत्रांत फिरल्याची खरी कमाई आहे.

नाणं कुठून मिळवायचं हाही प्रश्न आहे, आणि उत्तर स्पष्ट आहे. शेतात सापडलेलं नाणं खिशात टाकायचं नाही. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीची अशी ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. अभ्यासासाठी पैठणच्या बाळासाहेब पाटील शासकीय पुराणवस्तू संग्रहालयात जावं आणि रीतसर अर्ज करून पाहावं. नाणं उपटून आणलं की ते कुठल्या थरातलं, त्याच्या शेजारी कुठलं खापर होतं, हे कायमचं हरवतं. रसायनशास्त्रात नमुना संपला तर दुसरी बाटली भरता येते. उत्खननात खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही, म्हणून तिथली सगळी शिस्त नोंदीत आहे. 1990 च्या दशकातल्या पैठणच्या उत्खननावरचा डेरेक केनेट, जे. वरप्रसाद राव आणि एम. कस्तुरीबाई यांचा ग्रंथ 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या वर्षांनी तो लिहिता आला तो नोंदी जपल्या होत्या म्हणूनच.

आता व्यवहाराचं थोडं. महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला आता श्रेयांक मिळतात. तो उरकण्याची बाब समजू नये. विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ स्पर्धेत कॉलेज, विद्यापीठ आणि राज्य अशा पायऱ्यांनी आपलं काम परीक्षकांपुढे मांडता येतं. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे, तिच्यात दोन महिने देशातल्या एखाद्या संशोधकाच्या प्रयोगशाळेत काम करता येतं. पाण्यावर काम असेल तर पैठण रस्त्यावरच कांचनवाडीला जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे वाल्मी आहे. अर्जात ‘मला संशोधनाची आवड आहे’ असं लिहू नये. ‘पहाटे आणि दुपारी एकाच जागी ऑक्सिजन किती बदलतो हे मी मोजलं, आणि खोलीनुसार बदल मोजायला मला साधन हवं आहे’ असं लिहावं. पहिलं वाक्य सगळेच लिहितात.

पैठणच्या आणि आसपासच्या विज्ञान महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. रसायनशास्त्राच्या मुलांना हिवाळ्यात एकदा तरी प्राणिशास्त्राच्या मोजणीला पाठवा, प्राणिशास्त्राच्या मुलांना एकदा तरी संग्रहालयात तराजू घेऊन बसवा, आणि त्या कामाची नोंदवही तपासताना उत्तराआधी तारीख, वेळ आणि जागा पाहा. त्यासाठी नव्या प्रयोगशाळेची गरज नाही. एक दुर्बीण, दोन ब्युरेट, एक चांगला तराजू आणि शेजारच्या विभागाचं दार उघडायची तयारी एवढं पुरतं.